शिडाचं जहाज वारा आडवं पाडतो, पण बुडवतं उघडं दार

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून.

तरंगिणी आणि सुदर्शिनी या आपल्या नौदलाच्या शिडाच्या प्रशिक्षण जहाजांवर व्हिडिओ केला, तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय. एवढं पोलादी जहाज नुसत्या वाऱ्यानं बुडतंच कसं? त्याखाली लगेच उत्तरं: अस्मानी संकट, नशीब, शापित जहाज. मर्चंट नेव्हीची, नौदलाची तयारी करणारी आपल्या भागातली पोरं हे वाचतात, म्हणून आज नीट बोलू.

प्राथमिक गोष्ट झटकन. जहाज एका बाजूला झुकलं की पाण्यात गेलेली बाजू त्याला वर ढकलते आणि तळातलं वजन खाली ओढतं. दोन्ही मिळून ते परत उभं होतं. झालं, पुढं चला.

१७ फेब्रुवारी २०१०. कॅनडाचं 'कॉन्कॉर्डिया', तीन डोलकाठ्यांचं, १९९२ साली पोलंडमध्ये बांधलेलं. जहाजावर ६४ जण, त्यातले ४८ विद्यार्थी. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे ३०० सागरी मैलांवर एक स्क्वॉल, म्हणजे अचानक उठणारा जोराचा वारा, आला, जहाज आडवं पडलं आणि काही मिनिटांतच पाणी भरायला लागलं. सुरुवातीला सगळीकडे 'मायक्रोबर्स्ट' हा शब्द फिरला, म्हणजे ढगातून कोसळणारा अतितीव्र झोत. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं चौकशी केली. तसा मायक्रोबर्स्ट झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्या पट्ट्यात नेहमी येतात तसाच तो स्क्वॉल होता. तो येताना दिसत होता, पण शिडं कमी केली नव्हती. आणि दारं, खिडक्या, हवा खेळवायची तोंडं उघडी होती.

स्क्वॉल म्हणजे काय ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात दुपारभर तापतं, ढग चढतात आणि पावसाच्या आधी गार वाऱ्याचा लोट येतो, पत्रे उडतात, रंकाळ्यावरचे गाडे आडवे होतात. आपला वळीव. ढगातली पावसानं गार झालेली जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. समुद्रावरही हेच होतं, फक्त तिथं अडवायला झाड नाही, घर नाही.

आता आकडा बघा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. २० नॉट्सचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा ४० झाला तर शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट. १० अंश झुकून निवांत चाललेलं जहाज तेवढ्याच शिडांसकट मिनिटभरात भलतीकडे जातं. त्यात स्क्वॉलचा वारा थोडा वरून खाली येत असेल तर आणखी वाईट. एरवी जहाज झुकलं की शीड तिरपं होतं, वारा वरून निसटतो आणि दाब आपोआप उतरतो. वरून आलेला वारा तिरप्या शिडावरही सरळ बसतो. झुकल्यानं मिळणारी ही सूट तिथं मिळत नाही.

पण मंडळी, आडवं पडणं वेगळं आणि बुडणं वेगळं. माझा सगळा राग इथं आहे.

अशा जहाजांकडून साधारण ९० अंशांपर्यंत झुकूनही परत उभं राहण्याची अपेक्षा असते. कागदावरचा तो आकडा बाहेरची दारं आणि झाकणं बंद आहेत असं धरूनच काढलेला असतो. दार उघडं असेल तर हिशोबाचा कोन वेगळा: ज्या कोनाला त्या दाराचा उंबरा पाण्याला टेकतो, तो. तिथून पुढं आत येणारं पाणी जहाज आणखी झुकवतं, मग दुसरं दार पाण्याखाली जातं, मग तिसरं. वारा थांबला तरी जहाज उठत नाही.

हेच इतिहासात बघा. २६ जुलै १९३२, जर्मन नौदलाचं 'निओबे', बाल्टिक समुद्रात. उन्हाळ्याचा दिवस, गरम होतंय म्हणून झरोके आणि झाकणं उघडी. स्क्वॉल आला, काही मिनिटांत जहाज गेलं, ६९ जण बुडाले. त्याआधी २४ मार्च १८७८, ब्रिटिश नौदलाचं 'युरिडिसी', इंग्लंडच्या 'आइल ऑफ वाइट' या बेटाजवळ, बर्फाचा स्क्वॉल, तोफांच्या खिडक्या उघड्या. तीनशेहून जास्त माणसं, वाचली दोन. वर्षं वेगळी, समुद्र वेगळे, पाणी आत आलं ते उघड्या तोंडांतूनच.

आणि हेच दाराजवळ उभं राहून बघा. पोलादी दाराच्या कडेनं खिट्ट्या असतात. त्या सगळ्या फिरवून आवळल्या तरच रबराची पट्टी चौकटीवर सगळीकडून दबते. नुसतं लोटलेलं दार बंद दिसतं, पण ते उघडंच. खिट्टी गंजली म्हणून एकच लावायची, रबरावर रंग चढून ते कडक झालेलं, येता-जाता त्रास नको म्हणून दार हुकाला अडकवून ठेवलेलं: बोटीवर हे रोज घडतं. एका प्रेक्षकानं विचारलंय, 'आत ३५ अंश तापमान असताना दार बंद कसं ठेवायचं?' प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की वाऱ्याकडचं, म्हणजे वर उचललेल्या बाजूचं उघडं ठेवा. ज्या बाजूला जहाज झुकतं तिकडचं आधी बंद करा. आणि ढग दिसला की सगळीच.

ढग दिसल्यावर किती शिडं ठेवायची, याचाही अंदाज बांधायची गरज नाही. ३ जून १९८४ ला बर्म्युडाजवळ 'मार्केस' हे शिडाचं जहाज स्क्वॉलमध्ये बुडालं, २८ पैकी १९ गेले. त्यानंतर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या वुल्फसन युनिट या जहाज-संशोधन गटानं या विषयावर काम केलं आणि स्क्वॉलचे आलेख तयार झाले. वापर सोपा आहे. झुकावमापीवर आत्ताचा सरासरी झुकाव वाचा, वाऱ्याचा आत्ताचा वेग वाचा, येऊ शकणाऱ्या स्क्वॉलचा वेग धरा. आलेख सांगतो, सध्या जास्तीत जास्त किती अंश झुकून चालायला हरकत नाही. झुकाव त्याहून जास्त असेल तर लगेच शीड उतरवा. असे आलेख कॉन्कॉर्डियावर होते. त्या दिवशी वापरले गेले नाहीत. आलेख फायलीत आहे एवढ्यानं भागत नाही, पाळीवरच्या अधिकाऱ्याला तो वाचता आला पाहिजे.

वाऱ्याच्या पुढं पळायचं असेल तर वळण स्क्वॉल पोचायच्या आधी घ्या. उशीर झाला तर वळता वळता वारा नेमका बाजूवर येतो आणि झुकाव वाढतो. त्या वेळी शीड ताणून धरणारे दोर सोडायला प्रत्येक दोरावर माणूस हवा, आणि दोराची वेटोळी गुंता न होता सुटली पाहिजेत.

'मग कॉन्कॉर्डियावरचे सगळे ६४ जण वाचले कसे?' हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. कारण तराफे फुगले, माणसं त्यांत शिरली, आणि आणीबाणीचा बीकन सुटून सिग्नल द्यायला लागला. विमान दिसायला दुसरा दिवस उजाडला, मग मालवाहू जहाजांनी सगळ्यांना उचललं. समुद्रात सुमारे ४० तास. हे बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर चालतात. पाण्याखाली दीड ते चार मीटर गेल्यावर दाबानं हुक सुटतो आणि बीकन वर येतो. त्या हुकाच्या यंत्रणेला मुदत असते, तारीख तिच्यावरच लिहिलेली असते. मालवण, रत्नागिरीकडची जी मंडळी हा व्हिडिओ बघतायत, त्यांनी ती तारीख आजच बघा, आणि बीकनची नोंदणी सध्याच्या बोटीच्या आणि सध्याच्या मोबाईल नंबरच्या नावावर आहे ना, तेही.