हात फळीकडे वळण्याआधी

(दृश्य : काउंटर, वरून. दोन हात एक नोट पुढे सरकवतात.)

"सिगारेटचं एक पाकीट द्या."

एवढंच बोलणं होतं आणि विक्रेत्याचा हात आपसूक मागच्या फळीकडे वळतो. दिवसभर हेच चाललेलं असतं, हाताला आता विचार करावा लागत नाही. हेच पुन्हा एकदा सावकाश पाहू.

(दृश्य : तेच, संथ गतीत.)

हात फळीपर्यंत गेला. पाकीट काउंटरवर आलं. आणि आत्ता कुठे विक्रेत्याने मान वर करून समोरचा चेहरा पाहिला. ओठांवर जेमतेम लव फुटलेली. पण पाकीट आता पुढ्यात आहे, पैसे पुढ्यात आहेत आणि मागे चार जण खोळंबलेत. या घडीला वयाच्या पुराव्याचं कार्ड मागायचं म्हणजे दिलेली वस्तू परत घ्यायची. भल्याभल्यांना ते जमत नाही. विक्री होऊन जाते, आणि करणारा बहुतेक वेळा चांगलाच माणूस असतो. त्याचा फक्त क्रम चुकतो.

आधी चेहरा, मग कार्ड, मग फळी. आम्ही चित्रीकरण केलं त्या काउंटरवरची विक्रेती हा क्रम एकदाही मोडत नाही. तिचे हात पाहा.

(दृश्य : विक्रेतीचे दोन्ही हात काउंटरवर टेकलेले. समोर एक तरुण.)

"ओळखपत्र दाखवता का?"

हात अजून जागचे हललेले नाहीत. फळी तिच्या पाठीमागे आहे, गिऱ्हाइकाचा हात पोचणार नाही अशी. तंबाखू नियंत्रणाचा जो जागतिक करार २००५ साली अमलात आला, त्याच्या सोळाव्या कलमात ही फळीसुद्धा आहे. तंबाखूचा माल कुणालाही स्वतः उचलता येईल असा मांडू नये. अल्पवयीनांना विक्री नाही अशी ठळक पाटी लावावी. शंका आली तर विक्रेत्याने वयाचा पुरावा मागावा. काउंटरवर बसणारं माणूसही अल्पवयीन नसावं, हेही त्याच कलमात.

शंका आली तर. सगळी मेख या तीन शब्दांत आहे. शंका यायला अंदाज करावा लागतो, आणि चेहऱ्यावरून वयाचा अंदाज कुणाचाच धड लागत नाही. दाढी, उंची, आवाज, मेकअप, हेल्मेट. प्रत्येक गोष्ट फसवते. त्यावर काही देशांनी साधा उपाय काढला. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल २०१७ पासून दुकानांना एक नियम पाळावा लागतो : विक्रीची अट १८ वर्षांची, पण पंचविशीच्या आतला वाटेल त्याला विचारायचंच. मधली सात वर्षं अंदाज चुकण्यासाठी सोडलेली. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये वयाची अट २१ झाली, आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून तिशीच्या आतल्या प्रत्येकाचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र तपासावं लागतं. यात विक्रेत्याचं ओझं हलकं होतं. तो कुणावर संशय घेत नाही, सगळ्यांना विचारतो.

(दृश्य : कार्ड, अगदी जवळून. अंगठा कडेवरून फिरतो.)

कार्ड मागणं म्हणजे काम झालं असं नाही. कार्ड मागितलं, पाहिलं आणि तरीही विकलं, असंही घडतं. घाईत माणूस छायाचित्र बघतो आणि परत देतो. ही बाई काय करते? कार्ड पैशांच्या पाकिटातल्या प्लास्टिकमधून बाहेर काढायला लावते. स्वतःच्या हातात घेते. फोटो, मग चेहरा. मुदत संपली आहे का. जन्मतारखेचे आकडे खरवडलेले, चिकटवलेले आहेत का, ते अंगठ्याला कळतं. आणि मग जन्मतारीख.

(दृश्य : गल्ल्याशेजारी चिकटवलेला कागद, त्यावर एक तारीख.)

तोंडी वजाबाकी ती करत नाही. रोज सकाळी या कागदावर एक तारीख बदलली जाते : जन्म या दिवशी किंवा त्याआधीचा असेल तरच. दोन तारखा शेजारी ठेवायच्या, बस. वजाबाकीत वर्षं बरोबर येतात आणि महिना निसटतो. अजून चार महिने बाकी असलेला मुलगा असाच १८ चा ठरतो. काही गल्ल्यांची यंत्रं जन्मतारीख टाकल्याशिवाय बिलच पुढे नेत नाहीत. तसं असेल तर फारच छान. मात्र तिथे अंदाजे तारीख टाकायची सवय लागली की यंत्राचा काही उपयोग उरत नाही.

(दृश्य : शाळेचं दप्तर पाठीवर, मुलगा पाठमोरा.)

"घरी विसरलोय." "बाबांसाठी नेतोय." "काल तर दिलं होतं."

तिन्ही वाक्यांना तिचं उत्तर एकच. "कार्ड नसेल तर देता येत नाही." ती वयावर वाद घालत नाही, उपदेश करत नाही. आणि अरे-तुरेवर येत नाही. "एवढासा आहेस" म्हटलं की भांडण सुरू. "देता येत नाही" म्हटलं की समोरच्याला धरायला काही सापडत नाही. सिगारेट, तंबाखूची पुडी, काहीही मागा, वाक्य तेच.

(दृश्य : काचेपलीकडे दोन मुलं. आत एक मोठा माणूस.)

हे दृश्य योगायोगानेच मिळालं. बाहेर काहीतरी बोलणं झालं, पैसे हातात दिले गेले, मोठा माणूस आत आला. त्याचं वय पुरेसं आहे, कार्डही आहे. ती काचेकडे बघते आणि म्हणते, "त्यांच्यासाठी असेल तर नाही देणार." तो काही न बोलता वळतो.

हे बोलायचं बळ तिला मालकाने दिलं आहे, हे सांगायलाच हवं. नव्या माणसाला काउंटरवर बसवण्याआधी इथे अर्धा तास नकाराचा सराव होतो. एक जण गिऱ्हाईक बनून हुज्जत घालतो, दुसरा तेच वाक्य म्हणत राहतो. विक्री गेली म्हणून कुणाला बोलणी बसत नाहीत. ज्या दुकानात बोलणी बसतात, तिथे पाटी कितीही मोठी लावा, उपयोग नाही.

चूक झालीच तर दंड आहे, काही ठिकाणी परवाना जातो. आणि मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, त्या वयात तंबाखूतल्या निकोटिनचं व्यसन लवकर जडतं.

(दृश्य : वही. विक्रेती लिहिते आहे.)

प्रत्येक नकार या वहीत जातो. तारीख, वेळ, काय मागितलं, कारण. पुढच्या पाळीच्या माणसाला तोच मुलगा पुन्हा आला तर कळावं म्हणून.

सायंकाळी ६.१०. दप्तर, निळा शर्ट. कार्ड नाही.
६.२५. मोठा माणूस, बाहेर दोघे.

ती वही मिटते. समोर एक तरुणी उभी आहे.

"ओळखपत्र दाखवता का?"

(दृश्य : हात काउंटरवर.)