सोनेरी ओकच्या सावलीत

हे पान जवळून पाहा. स्वरलिपीच्या पाच रेघा सलग नाहीत, जागोजागी तुटल्यात. त्या काळी एकेक स्वर म्हणजे धातूचा एकेक खिळा. खिळ्यावर स्वराबरोबर रेघांचाही तेवढाच तुकडा असायचा. खिळ्याला खिळा लावून ओळ जुळवायची, शाई फिरवायची, कागद दाबायचा. मधल्या फटी आजही दिसतात. व्हेनिसमध्ये १६४४ साली अशाच खिळ्यांनी जुळवलेलं एक पुस्तक निघालं. संगीतकार होती पंचविशीतली एक बाई, बार्बरा स्त्रोत्सी.

तिची आई इझाबेला गार्झोनी कवी जूलिओ स्त्रोत्सी यांच्या घरी कामाला होती. जूलिओंनी बार्बराला मानसकन्या म्हटलं. बहुधा तेच तिचे वडील. त्यांनी तिला संगीतकार फ्रांचेस्को काव्हाल्ली यांच्याकडे शिकायला घातलं आणि १६३७ मध्ये ‘युनिसोनी’ नावाची मंडळी जमवली. तिथे विद्वान वाद घालायचे आणि बार्बरा गायची. या बैठकांवरून कुचाळक्या करणारी हस्तलिखितंही गावात फिरली.

हे चित्र ड्रेस्डेनच्या संग्रहालयातलं, बेर्नार्दो स्त्रोत्सी यांनी काढलेलं. ही बार्बराच असावी, असं मानतात. केसांत फुलं, पोशाखाचा खाली उतरलेला गळा. आजवर चर्चा झाली ती या गळ्याचीच. आम्ही कॅमेरा तिच्या हातांवर ठेवलाय. व्हिओला दा गांबा, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं तंतुवाद्य, आणि त्याचा गज. शेजारी व्हायोलिन आणि उघडी स्वरलिपी. कामाला बसलेली बाई आहे ही.

पहिलं पुस्तक तिने तोस्कानाच्या ग्रँड डचेस व्हित्तोरिया देल्ला रोव्हेरे यांना अर्पण केलं. ‘रोव्हेरे’ म्हणजे ओक वृक्ष. बार्बरा लिहिते : स्त्री असून हे पुस्तक काढताना मनात धाकधूक आहे, निंदेच्या विजा त्यावर पडायच्या आहेत, तेव्हा सोनेरी ओकाखाली त्याला आसरा मिळो.

जूलिओ १६५२ मध्ये गेले. बार्बराच्या पदरात मुलं, चर्चची किंवा दरबाराची नोकरी नाही. तरी १६६४ पर्यंत तिचे आठ संग्रह निघाले. चौथ्याची एकही प्रत आज हाती नाही. १६७७ मध्ये पाडुआत ती वारली.

आता ही तालीम. १६५९ च्या सातव्या संग्रहातलं ‘लाग्रिमे मिए’ हे गाणं. माझ्या आसवांनो, का अडून राहिलात? वडिलांनी कोंडून ठेवलेल्या लिदियासाठी तिचा प्रियकर विचारतोय. वाद्यांसाठी बार्बराने खालच्या स्वरांची एकच ओळ लिहिली. बाकीचं वादकाने जागेवर भरायचं. म्हणून तो गायिकेच्या श्वासाकडे बघत बसलाय. ती वरच्या स्वरावर रेंगाळते, मग आवाज खाली घसरतो. मध्येच दोन स्वरांतलं अंतर एकदम मोठं होतं, पाय अडखळावा तसं. हुंदका बार्बराने स्वरांतच लिहून ठेवलाय, गायिकेने वेगळं रडायचं नाही.

शेवटाकडे हीच ओळ परत येते. ऐका.