पडद्यावरचं ताट आपल्या ओट्यावर
(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

ब्रिटिश मालिका बघताना आपण संवाद कान देऊन ऐकतो, पण टेबलावरच्या बशीकडे फारसं लक्ष देत नाही. खरं तर माणूस कुठला, कुठल्या घरातला, दिवसाची वेळ कोणती, यातलं बरंच काही त्या बशीत मांडलेलं असतं. आज बोलायचंय ते त्या बशीबद्दल: ती ओळखायची कशी, आणि इथे अमेरिकेतल्या सामानात ती जमवायची कशी.

‘टी’ हा एकच शब्द घ्या. ‘डाउन्टन ॲबी’तल्या उमरावांच्या दिवाणखान्यात दुपारी येतो तो आफ्टरनून टी: पातळ सँडविच, केक, चांदीची किटली. जेवण म्हणजे डिनर, ते रात्री, कपडे बदलून. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ १९६० पासून चालू आहे. तिचं वेदरफील्ड हे काल्पनिक गाव सॅल्फर्डच्या कामगार वस्तीवरून रचलेलं. तिथे कुणी ‘टी तयार आहे’ म्हणालं तर ती संध्याकाळच्या जेवणाची हाक असते, आणि डिनर दुपारीच उरकलेलं असतं. डेव्हन-कॉर्नवॉलकडे ‘क्रीम टी’ म्हणजे चहा, स्कोन (छोटा खुसखुशीत गोल पाव), जॅम आणि क्लॉटेड क्रीम (सायीसारखं घट्ट क्रीम). स्कोनवर आधी क्रीम लावलं तर माणूस डेव्हनचा, आधी जॅम लावला तर कॉर्नवॉलचा. ‘पुडिंग’ म्हणजे जेवणानंतरचं गोड, कुठलंही. यॉर्कशर पुडिंग मात्र गोड नसतं, ते रोस्टबरोबर, म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबर, रश्श्यात बुडवून खातात. म्हणून इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी सबटायटल चालू ठेवा. ग्लासगो किंवा न्यूकॅसलचे उच्चार कानाला बसायला वेळ लागतो, आणि पदार्थांची नावं नेमकी त्याच घाईत निसटतात.

चहा आणि टीव्ही यांचं तिथलं नातं विजेच्या नोंदींतही सापडतं. ४ जुलै १९९० ला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं. सामना संपताच देशभर केटल चालू झाल्या आणि विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॉटने वाढली. ही उसळी सांभाळायला वेल्समध्ये डिनॉर्विगचं उदंचन केंद्र, म्हणजे पाणी वर चढवून साठवणारं वीजकेंद्र आहे. वरच्या तलावातलं पाणी सोडून ते काही सेकंदांत वीज देतं. आपल्या घाटघरचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो, फक्त आकाराने बराच लहान. ब्रिटिश केटल साधारण ३,००० वॉटची असते. इथल्या १२० व्होल्ट, १५ अँपियरच्या प्लगवर चालणाऱ्या केटल साधारण १,५०० वॉटच्याच असतात, म्हणून आपल्या केटलला दुप्पट वेळ लागतो. तिकडची केटल मात्र आणू नका. अर्ध्या व्होल्टेजवर तिची ताकद पावपट उरते आणि पाणी उकळायला निदान चौपट वेळ लागतो. चहाची पिशवीही बघून घ्या. तिकडच्या पिशवीत ३ ग्रॅमच्या आसपास चहा असतो, इथल्या नेहमीच्या पिशवीत साधारण २ ग्रॅम. पाणी खळखळ उकळतं हवं, पिशवी ४ मिनिटं ठेवायची आणि दूध शेवटी घालायचं.

आता बेकिंग. ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ हा हौशी बेकर्सच्या स्पर्धेचा कार्यक्रम २०१० मध्ये बीबीसीवर सुरू झाला, २०१७ पासून चॅनल ४ वर आहे. इथे त्याचं नाव ‘बेकिंग शो’ आहे, कारण ‘बेक-ऑफ’ हा शब्द पिल्सबरी कंपनीच्या ट्रेडमार्कमध्ये आहे. बघून उत्साहाने केक करायला घेतला की पहिली अडचण मापांची येते. ब्रिटिश कृती ग्रॅममध्ये असतात, त्या कपात बदलू नका. कपात मैदा दाबून भरला की हलका भरला यावर ३० ग्रॅमचा फरक सहज पडतो. २० डॉलरच्या आतला डिजिटल काटा घ्या, म्हणजे निम्म्या तक्रारी मिटतील. ओव्हनचं गणितही सोपं आहे. ‘गॅस मार्क’ म्हणजे तिकडच्या गॅस ओव्हनच्या बटणावरचा आकडा: मार्क ४ म्हणजे १८० सेल्सिअस, म्हणजेच ३५० फॅरनहाइट. मार्क ७ म्हणजे २२० सेल्सिअस किंवा ४२५ फॅरनहाइट. पंखा चालू असेल तर सेल्सिअसमध्ये २० अंश कमी करा.

व्हिक्टोरिया स्पंजची कृती तर काट्यासाठीच जन्मली आहे. चार अंडी कवचासकट तोला. जेवढं वजन भरेल तेवढंच लोणी, तेवढीच बारीक साखर, तेवढंच सेल्फ-रेझिंग पीठ, म्हणजे बेकिंग पावडर मिसळलेला मैदा. ब्रिटिश लार्ज अंडं ६३ ते ७३ ग्रॅमचं असतं, अमेरिकन लार्ज सरासरी ५७ ग्रॅमचं. म्हणूनच अंडी मोजून नव्हे, तोलून घ्यायची. इथे त्याला सेल्फ-रायझिंग म्हणतात, पण त्यात मीठ असतं आणि ते जास्त मऊ असतं. त्यापेक्षा १५० ग्रॅम मैद्याला २ सपाट चमचे बेकिंग पावडर असं मिश्रण घरीच करा. अंडी फ्रिजमधून थेट घातली तर लोणी आखडतं आणि मिश्रण फाटतं. तसं झालं तर चमचाभर मैदा घालून घोटा, सावरतं. २० सेंटिमीटरच्या दोन टिनांत १८० वर २५ मिनिटं. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही, नाहीतर मधोमध बसतो.

क्लॉटेड क्रीम इथे बाटलीत मिळतं, पण महाग असतं. ज्यांच्या घरात साय जमवून लोणी काढलं जायचं त्यांना ते घरी करणं अजिबात अवघड नाही, कारण क्लॉटेड क्रीम म्हणजे क्रीमवर धरलेली सायच. हेवी क्रीम घ्या, पण डब्यावर ‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ लिहिलेलं नको. ते आधीच फार तापवलेलं असतं, त्यावर नीट थर धरत नाही. काचेच्या पसरट भांड्यात ३-४ सेंटिमीटर खोल ओता, झाकण नको. १७५ ते १८० फॅरनहाइटला १२ तास ठेवा. मग न हलवता थंड करा आणि ८ तास फ्रिजमध्ये ठेवा. वरचा पिवळसर थर झाऱ्याने उचलायचा, खालच्या पातळ दुधात स्कोनचं पीठ भिजवायचं. हलवलंत तर थर मोडतो आणि पुन्हा धरत नाही.

माझ्या मते आपल्या माणसांनी सगळ्यात आधी करावा असा पदार्थ म्हणजे क्रम्पेट, तव्यावरचा जाळीदार गोल पाव. अंडं नाही, ओव्हन नाही, आणि सगळं यश जाळीवर अवलंबून. अनारसा आणि आंबोळी ज्यांना जमते त्यांना जाळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. २५० ग्रॅम ब्रेड फ्लॉर, १ चमचा इन्स्टंट यीस्ट, अर्धा चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, आणि निम्मं दूध निम्मं पाणी असं ३२५ मिलिलिटर कोमट. तीन-चार मिनिटं जोरात घोटा. तासाभरात ते फुगून वर बुडबुडे येतात आणि मधोमध किंचित बसायला लागतं, तोवर झाकून ठेवा. मग पाव चमचा खाण्याचा सोडा ४० मिलिलिटर पाण्यात विरघळवून मिसळा आणि २० मिनिटं थांबा. पीठ आंबोळीसारखं हवं, पळीतून सरळ ओघळणारं.

पीठ ओतायला धातूच्या रिंगा लागतात. त्या नसतील तर लोणच्याच्या रुंद तोंडाच्या बरणीचा धातूचा कडा चालतो. आतून तुपाचा हात फिरवा, तवा मंद तापवा आणि रिंगेत दीड सेंटिमीटर पीठ घाला. झाकण ठेवू नका. आंबोळीवर आपण झाकण ठेवतो, पण इथे वाफ अडकली की वरचं पीठ ओलं राहतं आणि भोकं मिटतात. ८ ते १० मिनिटांत बुडबुडे फुटून वरची बाजू कोरडी दिसेल. तेव्हा रिंग काढून उलटा, मिनिटभरच. पहिला क्रम्पेट चाचणीचा समजा. भोकं आलीच नाहीत तर पीठ घट्ट आहे, चमचाभर पाणी घाला. खाली करपला आणि वर कच्चा राहिला तर आच मोठी आहे. तव्यावरून थेट खाल्ला तर चिकट लागतो. पूर्ण थंड होऊ द्या, टोस्टरमध्ये कडा कुरकुरीत करा आणि मग लोणी लावा, म्हणजे ते वितळून जाळीतून खालपर्यंत उतरतं.

शाकाहारी मंडळींसाठी चार सूचना. वूस्टरशर सॉसमध्ये बहुतेक वेळा अँकोव्ही मासे असतात, त्यामुळे चीज-टोस्टसारखी दिसणारी वेल्श रेअरबिट विचारून खा. ख्रिसमसच्या मिन्स पायमध्ये आता मांस नसतं, पण पारंपरिक कृतीत गाईची चरबी (सूएट) असते. डब्यावर शाकाहारी सूएट असल्याची खात्री करा. ‘डॉक्टर हू’मध्ये चौथा डॉक्टर वाटतो त्या जेली बेबीजमध्ये जिलेटिन असतं. बीन्स ऑन टोस्टसाठी इथले गुळचट बेक्ड बीन्स नकोत, त्यांत कधी डुकराचं मांसही असतं. ब्रिटिश टोमॅटो सॉसमधले घ्या. कस्टर्ड पावडर मात्र निर्धास्त वापरा. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती बनवली ती पत्नीला अंडं चालत नव्हतं म्हणूनच. आपल्या फ्रूट कस्टर्डचं मूळ तिथेच आहे.

बघायचं कुठे? बीबीसीचं ऑनलाइन आयप्लेअर ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठीच आहे. इथे ब्रिटबॉक्स आणि एकॉर्न या ऑनलाइन सेवा आणि आपली सार्वजनिक वाहिनी पीबीएस आहे. स्थानिक पीबीएस केंद्राला बहुतेक ठिकाणी महिन्याला ५ डॉलर देणगी दिली की ‘पासपोर्ट’ या त्यांच्या ऑनलाइन सेवेवर जुने भागही खुले होतात. थेट प्रक्षेपण बघणार असाल तर लंडन आपल्या ईस्ट कोस्टच्या ५ तास पुढे असतं, पण मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर अखेरचा एक आठवडा फरक ४ तासांचा होतो. दोन्हीकडची घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात म्हणून. नाताळच्या दिवशी राजाचं भाषण तिकडे दुपारी ३ ला लागतं, इथे सकाळी १० ला.

मागच्या टेबलावर तवा तापतो आहे आणि पीठ तासभर आधी भिजवलेलं आहे. रिंगा आठच आहेत, तेव्हा आठ-आठ जणांनी या. लोणी सढळ हाताने लावा.