रात्री सव्वाअकराची गाडी

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय अमेरिकन रेडिओवरच्या एका नाटकाबद्दल, 'सॉरी, राँग नंबर'. 25 मे 1943 ला सीबीएस या रेडिओ नेटवर्कच्या 'सस्पेन्स' या मालिकेत पहिल्यांदा लागलं, लेखिका ल्युसिल फ्लेचर, आणि जवळपास सगळं नाटक एकट्या अ‍ॅग्नेस मूरहेडच्या आवाजावर उभं आहे.

गोष्ट अशी की एक आजारी बाई अंथरुणावर पडलीय, नवरा ऑफिसात, फोन सारखा बिझी लागतोय म्हणून ती ऑपरेटरला जोडून द्यायला सांगते आणि लागतं क्रॉस कनेक्शन. दोन माणसं खुनाचा बेत ठरवतायत. सव्वाअकराला पुलावरून आगगाडी जाते, तिच्या आवाजात बाईची किंकाळी कुणाला ऐकू जाणार नाही, बास, एवढंच कळतं आणि लाईन कट! मग ती ऑपरेटर, पोलीस, पुन्हा ऑपरेटर असे फोनवर फोन लावत सुटते, पण कोण मरणार, कुठे मरणार हेच माहीत नाही तर पोलीस तरी काय करणार?

आता यातली खरी कमाल ऐका. मूरहेडनं ही बाई बिचारी वगैरे केलेलीच नाही. ती चिडकी आहे, सगळ्यांवर खेकसते, आवाज चढत चढत चिरका होतो, आणि ऐकताना आपल्यालाही वाटतं की काय कटकट आहे ही! म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या त्या पोलिसाच्या बाजूला आपण कधी जाऊन बसलो ते कळतसुद्धा नाही. आणि मग हळूहळू ध्यानात येतं की पूल तिच्याच घराजवळ आहे, गाडीही तीच. मला विचाराल तर हे फक्त रेडिओलाच जमतं, कारण तिला जेवढं ऐकू येतं तेवढंच आपल्याला, डायल फिरल्याचा आवाज, एंगेज टोन, ऑपरेटरचा तो थंड, नम्र सूर. दिसत काहीच नाही. 1948 मध्ये यावर सिनेमा निघाला, बार्बरा स्टॅनविकनं कामही छान केलंय, पण पडद्यावर खोली दिसली की ती कोंडी थोडी सैल पडतेच.

तेव्हा सगळं लाईव्ह चालायचं बरं का. पहिल्याच प्रयोगात शेवटाकडे एक क्यू, म्हणजे पुढचं वाक्य कधी बोलायचं याचा इशारा, चुकला आणि नक्की काय झालं हेच बऱ्याच लोकांना कळेना, पुढच्या आठवड्यात मालिकेला खुलासा करावा लागला! पण मागणी एवढी आली की त्याच वर्षी नाटक पुन्हा केलं, आणि मूरहेड पुढे 1960 पर्यंत 'सस्पेन्स'मध्ये ते अधूनमधून करत राहिली. मालिका स्वतः 1962 पर्यंत चालली.

रेकॉर्डिंग नेटवर सहज मिळतं, जेमतेम अर्ध्या तासाचं आहे. शेवट मी मुद्दाम सांगत नाहीये, नाटकाचं नाव तेवढं लक्षात ठेवून ऐका.