आधी तिथी, मग कॅमेरा

मालवणजवळच्या तारकर्लीला फोटो काढायला जायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो लेन्स कोणती न्यावी. माझं सांगणं असं, की आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि तिथी कोणती आहे ते पाहा.

कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार, म्हणून तीन वाजता. मुंबईकडे हा हिशोब बराच जुळतो, मालवणकडे भरती साधारण तासभर आधी येते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातूनच घ्यायची, पण बेत आखायला एवढं पुरतं. आता यातून काय निघतं बघा. अष्टमीला सूर्य बुडायच्या सुमारास पाणी चढलेलं असतं, वाळू उरते थोडी आणि तीही पावलांनी तुडवलेली. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची ओहोटी असते, किनारा सगळ्यात रुंद दिसतो, पण सूर्यास्तापर्यंत पाणी परत फिरलेलं असतं. सोन्यासारख्या संध्याकाळी मिळतात त्या दोन्ही पक्षांतल्या द्वितीया ते चतुर्थीला. तेव्हा सूर्य उतरत असतो आणि पाणीही उतरत असतं. प्रत्येक लाट मागे जाताना कोरी, ओली वाळू सोडते आणि त्या पातळ थरात अख्खं आकाश दिसतं.

हा थर काही सेकंदांत मुरतो. म्हणून कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून तयार ठेवायचा आणि लाट फुटताना नव्हे, परतताना बटण दाबायचं. शटर अर्धा ते एक सेकंद उघडं ठेवलं, की फेसाच्या रेघा समुद्राकडे ओढलेल्या दिसतात. तीस सेकंद ठेवलं तर त्याच रेघांचं धुकं होतं, आणि या किनाऱ्यावर ते मला तरी आवडत नाही. उजेडाला शटर १/६० सेकंद पुरत असेल, तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळसर काच, लावून बरोबर एक सेकंद मिळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, मात्र या वेळी काढून ठेवा. तो जे प्रतिबिंब आपल्याला हवं तेच पुसतो, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो.

पोलरायझरची वेळ सकाळी नऊ ते अकरा. सूर्य पाठीशी, समुद्र समोर, पाण्याचा खरा रंग तेव्हाच येतो. पण २४ मिलिमीटरपेक्षा रुंद लेन्सवर तो आकाशात एकाच बाजूला गडद डाग पाडतो, तेवढं जपा. उन्हातली फिकी वाळू कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवते आणि फोटो मळकट येतो, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे कापला जात नाही ना ते बघा.

ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोवा आणि दोन लाटा जाऊ द्या. परतणारं पाणी पायाखालची वाळू काढून नेतं, ट्रायपॉड तिरका होतो आणि क्षितिज कलतं. मधला दांडा वर काढू नका. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर दव धरतं, त्यामुळे बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर आणा.

देवबागकडे जमीन चिंचोळी होत जाते, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. तिथे सूर्योदय खाडीवर आणि सूर्यास्त समुद्रावर, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरात मिळतात. चिपीचा विमानतळ जवळ आहे, तेव्हा ड्रोन उडवण्याआधी ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा पाहाच.

रिसॉर्टचे फोटो हवे असतील तर सूर्यास्तानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटं धरा. तेवढाच वेळ कंदिलांचा पिवळा उजेड आणि निळं आकाश एका तोलात असतात, आपल्याकडे संधिप्रकाश लवकर संपतो. दिवे वेळेवर लावायला व्यवस्थापकांना दुपारीच सांगून ठेवा.

खोलीवर आल्यावर काचेवरचे खाऱ्या पाण्याचे थेंब कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओला केलेला कपडा, मग कोरडा. ट्रायपॉडचे सांधे उघडून नळाखाली धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच मिटा.