पेशींची पानगळ

श्रोतेहो, नमस्कार.

कॅन्सरची गाठ वाढते, म्हणजे तिथल्या पेशी भराभर विभागतात, हे आपण ऐकलेलं असतं. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला किती पेशी मरतात, याकडे पूर्वी फार थोड्यांचं लक्ष होतं. तो खर्च मांडायला घेतला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे पॅथॉलॉजिस्ट जॉन कर यांनी.

1960च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पीएच.डी. करताना त्यांनी उंदरांच्या यकृताच्या काही खंडांकडे जाणारी पोर्टल शिरेची, म्हणजे आतड्यांकडून यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेची, शाखा बांधली. धमनीचं रक्त चालू होतं, त्यामुळे ते खंड पूर्ण मेले नाहीत. सुरुवातीला काही भाग एकगठ्ठा मेला. तिथल्या पेशी फुगल्या, त्यांच्यातले लायसोसोम, म्हणजे पाचक द्रव्यांच्या पिशव्या, फुटले, भोवती दाह झाला. हा नेहमीचा नेक्रोसिस. नंतर मात्र तो खंड आठवडे न् आठवडे आकसत राहिला आणि दाह कुठेच दिसेना. विखुरलेल्या एकेकट्या पेशी आक्रसून गोल गोळ्या होत होत्या आणि शेजारच्या पेशी त्यांना गिळून टाकत होत्या. लायसोसोममधलं ॲसिड फॉस्फटेज हे विकर दाखवणारा रंग दिल्यावर त्यांचे लायसोसोम शाबूत दिसले. म्हणजे मरणाची ही तऱ्हाच निराळी होती. 1971मध्ये कर यांनी तिला ‘आक्रसणारा नेक्रोसिस’ अशा अर्थाचं नाव दिलं. नाव काही फारसं जमलं नव्हतं.

त्याच वर्षी ते स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला गेले. तिथे अ‍ॅलिस्टर करी आणि त्यांचे विद्यार्थी अँड्र्यू वायली यांना उंदरांच्या मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत, संप्रेरकाचा पुरवठा तोडल्यावर, अशाच पेशी दिसत होत्या. तिघांनी मिळून 1972मध्ये नवा शब्द मांडला. तो ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी सुचवला होता. अपॉप्टोसिस, म्हणजे पानगळ. शब्दातला दुसरा ‘प’ उच्चारू नये असंही त्यांनी लिहून ठेवलं. ते कुणी मनावर घेतलं नाही, आम्हीही घेतलेलं नाही.

त्याच वर्षी कर आणि जेफ्री सर्ल यांनी बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरचं कोडं हाती घेतलं. या गाठीत विभागणाऱ्या पेशी भरपूर दिसतात, तरी गाठ वाढते अगदी संथ. त्यांचं उत्तर असं की जन्माच्या जोडीला मृत्यूही भरपूर होतो. मेलेली पेशी काही तासांतच गिळली जाते. म्हणून काचपट्टीवर शंभरात एखादीच दिसली, तरी दिवसभराचा खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो.

प्रयोगशाळेत आजही फसगत होते ती इथेच. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी मेल्या तर त्यांना गिळायला कुणी नसतं. उशिरा पाहिलं की त्या आपोआप फुटतात आणि नेक्रोसिससारख्या दिसतात. म्हणून पेशींवर औषध घातल्यावर नमुना फक्त 24 तासांनी न घेता 4, 8 आणि 16 तासांनीही घ्यावा. मरणाऱ्या पेशी ओळखायला रंग लावलेलं ॲनेक्सिन हे प्रथिन वापरतात, आणि पेशीच्या पृष्ठभागावर चिकटायला त्याला कॅल्शियम लागतं. बशीपासून पेशी सोडवायला वापरलेल्या ट्रिप्सिन या विकराबरोबरचं ईडीटीए हे रसायन नीट धुतलं नाही, तर ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि मरणाऱ्या पेशीही निरोगी दिसतात. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर उलट होतं. पेशीचं पटल फाटतं आणि धडधाकट पेशी मेलेल्यांत मोजल्या जातात. रंग अंधारात 15 मिनिटं द्यावा आणि मोजणी तासाभरात उरकावी.

कर यांच्या हिशेबाला जनुकाचा आधार मिळाला 1988मध्ये. मेलबर्नला डेव्हिड वॉक्स, सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी रक्तपेशींत बीसीएल-2 हे जनुक घातलं आणि वाढीचं द्रव्य काढून घेतलं. एरवी मेल्या असत्या त्या पेशी जगल्या, पण विभागल्या मात्र नाहीत. खर्च अडवूनही गाठीची शिल्लक वाढते, ती अशी.

बीसीएल-2चा हाच अडथळा काढणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत 2016मध्ये मंजूर झालं. दीर्घकालीन लिम्फॅटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते पहिल्या आठवड्यात रोज 20 मिलिग्रॅम देतात, मग आठवड्याआठवड्याने 50, 100, 200 आणि शेवटी 400. एकदम पूर्ण मात्रा दिली तर इतक्या पेशी एकाच वेळी मरतात की त्यांचं पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक ॲसिड मूत्रपिंडांना आवरत नाही, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून दोन दिवस आधीपासून रोज सहा ते आठ ग्लास पाणी, युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, आणि पहिल्या मात्रेनंतर सहा ते आठ तासांनी रक्त तपासणी, पुन्हा 24 तासांनी.