चार आवर्तनं

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती दारात आलेत, पाऊस रोज हजेरी लावतोय, आणि इंदुरात सध्या कुणाच्याही घरी फोन करा, "काही नाही हो, व्हायरल आहे" हेच ऐकू येतं. आठवड्याभरात बरं वाटतं. मोठ्यांना. तान्ह्या बाळांचं तसं नसतं, आणि मला आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल, त्यांच्या फ्लूबद्दल. ३१ वर्षं मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. त्यातली एक रात्र आधी सांगते.

अनंत चतुर्दशी होऊन पाच-सहा दिवस झाले होते. पहाटेचे चार. रिक्षातून एक आजोबा उतरले, छातीशी दुपट्यात गुंडाळलेला साडेतीन महिन्यांचा नातू, मागे मुलगा आणि सून. आजोबा रामबागेत तबला शिकवायचे. मी वही उघडून बाळाचं नाव विचारलं, तर म्हणाले, "सिस्टर, नाव मागाहून लिहा. ह्याची लय चढली आहे."

मला आधी कळेचना. झालं होतं असं. मोठी नात पाच वर्षांची. वडिलांच्या खांद्यावर बसून रात्रभर मिलच्या झांक्या, म्हणजे चतुर्दशीच्या मिरवणुकीतले देखावे, बघून आली. दोन दिवसांनी तिला ताप भरला. भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण, दिवसातून दहा वेळा पापी घेणारच. मग बाळाचं नाक वाहायला लागलं. आजींनी ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं, आत्या म्हणाली दात येत असतील, वडिलांनी मेडिकलवरून कसलंसं अँटिबायोटिकचं सिरप आणलं. आता फ्लू होतो विषाणूमुळे, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरांना न दाखवता मेडिकलवाल्याला विचारून तान्ह्या मुलाच्या घशात औषध ओतायचं, ह्या सवयीची मला मनापासून चीड आहे.

त्या रात्री बाळ दूध ओढेना. दोन घोट घेई, तोंड फिरवी, कण्हे. शेवटी ग्लानी आल्यासारखं निजलं. घरातले सगळे थकून झोपले. आजोबांना काही झोप लागेना. त्यांनी बाळाचं झबलं वर केलं आणि दिव्याखाली त्याच्या पोटाकडे बघत बसले. पोट वर, पोट खाली. बोटांना आयुष्यभराची सवय, ती आपोआप मांडीवर तीनताल धरायला लागली. धा धिं धिं धा. एका श्वासाला एक मात्रा, सोळा मात्रांचं एक आवर्तन. समोर भिंतीवर घड्याळ. मिनिट पुरं झालं तेव्हा चार आवर्तनं झाली होती. पुन्हा मोजलं. पुन्हा चार. सोळा चोक चौसष्ट. त्यांनी सुनेला हलवून उठवलं, "निजलेलं लेकरू असं द्रुत लयीत श्वास घेत नाही. चला."

दोन महिन्यांच्या पुढचं आणि वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, की डॉक्टरांकडे न्यायचं. हा आकडा त्यांना कुणी सांगितला नव्हता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. लगेच ऑक्सिजन लावला. नाकातून नळी घालून आईचंच दूध दिलं. नमुना तपासला, फ्लू निघाला, त्याचं औषध सुरू झालं. आजोबा खाटेपासून हलले नाहीत. मी राउंडला गेले की बोटं दाखवायचे, चार. चार. दुसऱ्या दिवशी म्हणाले, साडेतीन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लांबूनच तीन बोटं वर केली. तीन आवर्तनं, अठ्ठेचाळीस! डोळे त्यांचेही भरले होते, माझेही.

ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या विलंबित, संथ लयीचं हे गाव. इथल्या प्रत्येक पोराला शाळेत निदान हातावर ताल धरायला शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. संगीताचा तास गणिताला देऊन टाकतात, ते मला मुळीच पटत नाही. असो.

हे एका बाळाचं झालं. आता जगाचं ऐका. २०१८ सालचा अंदाज तज्ज्ञांनी मांडलाय. त्या एका वर्षात फ्लूमुळे श्वसनाचा त्रास वाढून पाच वर्षांखालची सुमारे ८ लाख ७० हजार मुलं रुग्णालयात दाखल झाली. पुन्हा सांगते, ८ लाख ७० हजार. त्यातली जवळजवळ पाव मुलं सहा महिन्यांच्याही आतली. रुग्णालयात साधारण १५,३०० मुलं दगावली, आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ह्याच वयाची. हे मृत्यू बहुतेक गरीब आणि बेताच्या उत्पन्नाच्या देशांतले. श्रीमंत देशांतली मुलंही फ्लूनं आजारी पडतात, पण त्यांच्या उशाशी ऑक्सिजन वेळेवर पोचतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. मग त्याला वाचवायचं कसं? आईला लस देऊन. गरोदरपणी आईनं लस घेतली की तिच्या रक्तातलं संरक्षण बाळाला पोटातच मिळतं आणि पहिले काही महिने पुरतं. डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, फोटोग्राफर, सगळं होतं. त्या गडबडीत सुनेला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि फ्लूच्या लशीचं विचारा. विषाणू रूप बदलतो, म्हणून ही लस दर वर्षी घ्यावी लागते. सहा महिन्यांवरच्या मुलांना ती देता येते, पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा पावसाच्या आधी घेतलेली बरी.

आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी देतात ना, ती नको. धूर त्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाही. पण सव्वा महिना बाहेरच्यांनी बाळाजवळ जायचं नाही, हा आपल्या आज्यांचा नियम मात्र सोन्यासारखा होता. तो आपण मोडला. हल्ली बारशाला शंभर माणसं बाळ हातोहात फिरवतात.

श्वास मोजायचं पुन्हा सांगते. बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, रडत नसताना, झबलं वर करून पोटाकडे बघायचं. पूर्ण एक मिनिट, अर्धं नाही. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. एवढे किंवा जास्त श्वास झाले, तर डॉक्टरांकडे. बरगड्यांखाली खळगा पडतोय, दूध ओढत नाही, ओठ निळसर दिसतात, झटका आला किंवा मूल नीट जागं होत नाही, तर मोजत बसू नका. रात्र असो की पहाट, निघा.

आज रात्री घरातलं बाळ बरं असताना, निजलेलं असतानाच एकदा मोजून बघा, म्हणजे त्याची रोजची लय तुमच्या ओळखीची होईल. घड्याळ मात्र सेकंदकाट्याचं घ्या.

नमस्कार.